रेडिओवरील निराळें संगीत : तें कोठें व कसें शोधावें

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं रेडिओ ह्या ना त्या रूपानें आहेच. कोणाच्या फडताळावर आजोबांच्या वेळचें यंत्र आहे, कोणाच्या वडिलांच्या टेंपोंत तो गातो, तर कोणाच्या मोबाइलमध्यें तो दडून बसला आहे. परंतु ह्या यंत्राविषयीं घरोघर एक तक्रार ऐकूं येते. पालक म्हणतात, “मुलें दिवसभर तींच तीं सिनेमाचीं गाणीं ऐकतात.” मुलें उत्तर देतात, “रेडिओवर दुसरें कांहीं लागतच नाहीं, मग आम्हीं ऐकावें तरी काय ?” आमच्या मतें दोन्ही पक्षांस एक गोष्ट नीट ठाऊक नसते. रेडिओवर दुसरें संगीत आहे. परंतु तें आपण होऊन दारीं येत नाहीं, त्यास शोधावें लागतें. तें कां शोधावें लागतें, कोठें सांपडतें, आणि जुन्नर व आंबेगांव ह्या आपल्या डोंगराळ तालुक्यांत त्याचा शोध कसा करावा, हें आम्ही येथें क्रमानें सांगणार आहों.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. चित्रपटगीत वाईट असतें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांत कित्येक उत्तम कवींची रचना आहे व थोर गायकांचा गळा आहे. परंतु रोज एकच भाजी पानांत पडली, तर ती कितीही रुचकर असली तरी जिभेस इतर चवींचा विसर पडतो. कानाचेंही तसेंच आहे. ज्या मुलानें ख्याल, अभंग, ओवी, पोवाडा, सनई ह्यांपैकीं कांहींच ऐकलें नाहीं, त्यास सिनेमाचें गाणें आवडतें असें तरी कसें म्हणावें ? निवड करावयाची तर दोन वस्तु तरी समोर असाव्या लागतात.

आतां तींच तीं गाणीं कां लागतात तें पाहूं. आपल्या देशांतील पहिलें खाजगी एफ.एम. केंद्र २००१ च्या जुलै महिन्यांत बंगळूर येथें सुरू झालें. पुढें पुण्यासारख्या शहरांतही अशीं केंद्रें निघालीं. हीं केंद्रें चालविणाऱ्या कंपन्या सरकारच्या लिलावांत बोली लावून परवाना मिळवितात. तो पैसा व रोजचा खर्च भरून काढण्यास त्यांच्यापाशीं मुख्य साधन एकच, तें म्हणजे जाहिरात. जाहिरातदार जेथें कान अधिक तेथें पैसा देतो. म्हणून जें गाणें ऐकून कोणीही यंत्र बंद करणार नाहीं, तेंच गाणें लावणें प्रत्येक केंद्रास सोईचें वाटतें. आणि असें गाणें म्हणजे बहुधा नुकतेंच लोकप्रिय झालेलें चित्रपटगीत. शिवाय ह्या केंद्रांना स्वतःचीं बातमीपत्रें तयार करण्याची मुभा नाहीं. आकाशवाणीच्या बातम्या पुनःप्रसारित करावयाच्या एवढेंच त्यांस करतां येतें. मग उरलें काय ? गाणीं, गप्पा आणि जाहिराती. ह्यांत कोणाची दुष्टबुद्धि नाहीं; हा सारा हिशेब आहे. परंतु ह्या हिशेबांत मीनेच्या किंवा घोडनदीच्या खोऱ्यांतील एखाद्या गांवच्या आवडीस फारसें स्थान नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

ह्यावर उपाय म्हणून कांहीं पालक रेडिओच बंद करतात, किंवा सिनेमाच्या गाण्यांना घरांत मनाई करतात. त्यांनीं पुढील इतिहास अवश्य ध्यानांत घ्यावा. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारांत नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांस शास्त्रीय संगीताविषयीं मनापासून आस्था होती. त्याच वर्षीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, व त्या काळांत आकाशवाणीवरील चित्रपटगीतें पुष्कळ कमी करण्यांत आलीं. हेतु चांगला होता, परंतु फळ निराळें आलें. लक्षावधि श्रोत्यांनीं कांटा फिरविला तो थेट रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवला. तेथें हिंदी चित्रपटगीतें मनसोक्त ऐकावयास मिळत. अखेरीस आकाशवाणीनें ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती ही करमणुकीची सेवा सुरू केली आणि दुरावलेल्या श्रोत्यांस पुनः घरीं बोलाविलें. बंदीनें आवड सुधारत नाहीं, ती फक्त दुसऱ्या घरीं राहावयास जाते, हा ह्यांतला बोध होय.

परंतु ह्याच काळांत आपल्या पुण्यांत दुसरा एक प्रयोग झाला, व तो मात्र पुरता यशस्वी झाला. पुण्याचें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं उघडलें. त्यास दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच १ एप्रिल १९५५ ह्या रामनवमीच्या दिवशीं तेथून ‘गीतरामायण’ सुरू झालें. ग. दि. माडगूळकरांनीं दर आठवड्यास एक नवें गीत लिहावें आणि सुधीर फडक्यांनीं त्यास चाल बांधावी, असा हा क्रम वर्षभर चालून एकंदर ५६ गीतें झालीं. ह्या गीतांच्या पाठीशीं चित्रपटाचा पडदा नव्हता, नटनटींचें मुखदर्शन नव्हतें. तरीही तीं महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचलीं व आजही गाइलीं जातात. विशेष हें कीं, हे दोघेही कलावंत चित्रपटसृष्टींत नांवाजलेले होते. म्हणजे सिनेमा व रेडिओ ह्यांचें वैर नाहीं. केंद्रानें निराळी वस्तु मागितली, तेव्हां त्याच हातांनीं निराळी वस्तु घडविली. जेथें गोडी लावणारा पर्याय समोर ठेवला गेला, तेथें मनाई करण्याची गरजच पडली नाहीं.

तर मग असे पर्याय आज कोठें आहेत ? ते समजण्यापूर्वीं रेडिओच्या लाटा आपल्या डोंगरांत कशा वागतात हें थोडक्यांत जाणून घेतलें पाहिजे. नाहींतर शोध व्यर्थ जाईल.

रेडिओच्या लाटा मुख्यतः त्यांच्या लांबीवरून ओळखतात. पुणें केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झ ह्या आंकड्यानें ओळखली गेली. तिची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. उलट पुण्याची विविध भारती एफ.एम.वर १०१ मेगाहर्ट्झ ह्या ठिकाणीं आहे. ती लाट जेमतेम ३ मीटर लांब असते. आतां शिवनेरीसारखा डोंगर मध्यें आला असें समजा. लांब लाट जमिनीला धरून चालते व चढउतारांवरून बरीच वळून पलीकडे उतरते. तोकड्या लाटेस तसें वळतां येत नाहीं. ती प्रकाशाप्रमाणें जवळजवळ सरळ जाते आणि डोंगराच्या पाठीमागें तिची सावली पडते. शिवाय पृथ्वीला गोलाई आहे. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली एफ.एम.ची लाट सपाट भूमीवर सुमारे ४० किलोमीटरपर्यंत सरळ पोहोंचते. पुढें जमीनच तिच्या आड येते. मनोरा डोंगराच्या माथ्यावर असेल, किंवा ऐकणारा उंचावर असेल, तर हें अंतर वाढतें. ह्यावरून मंचरच्या माळावर जें एफ.एम. केंद्र स्वच्छ ऐकूं येतें, तें आपटाळ्याकडील किंवा भीमाशंकराच्या बाजूच्या एखाद्या खोल वाडीवर कां खरखरतें, हें सहज कळेल. यंत्र बिघडलें असें समजून तें दुकानांत नेण्याचें कारण नाहीं.

मध्यम लहरींचा आणखी एक गुण आहे, तो रात्रीं दिसून येतो. वातावरणाच्या अगदीं वरच्या भागांत विजेचा भार असलेल्या कणांचे थर आहेत. दिवसा सूर्याच्या तेजानें त्यांपैकीं खालचा थर बळावतो व आकाशाकडे गेलेल्या लाटा शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो. मग लाटा वरच्या थरावर आपटून शेंकडों किलोमीटर दूर खालीं उतरतात. म्हणून जें केंद्र दुपारीं मुळींच लागत नाहीं, तें रात्रीं नऊ वाजतां जणूं शेजारच्या आळींतून बोलूं लागतें. निराळें संगीत शोधणाऱ्यानें ही रात्रीची वेळ दवडूं नये.

आपल्या भागांत शोध करणारास एक नैसर्गिक सोय आहे. तिचा पुरावा नारायणगांवाजवळ खोडद येथें उभा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें, प्रो. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखालीं, तेथें महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूंत मांडलेल्या आहेत, आणि त्या आकाशांतून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लाटा टिपतात. ही जागा निवडण्याच्या कारणांपैकीं एक हें कीं, येथें माणसानें निर्माण केलेला रेडिओचा गोंगाट कमी होता. तेथील शास्त्रज्ञांस जी शांतता लागते, तीच थोड्या प्रमाणांत आपल्याही यंत्रास लागते. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास तेथें विद्यार्थ्यांसाठीं प्रदर्शन भरतें. तें ज्यांनीं पाहिलें नसेल, त्यांनीं अवश्य पाहावें. लक्ष देऊन ऐकणें ही केवढी विद्या आहे, हें त्यांस तेथें कळून येईल.

आतां प्रत्यक्ष ठिकाणें सांगतों. पहिलें अर्थात् पुणें आकाशवाणी. शास्त्रीय गायनवादन, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग व शेतकऱ्यांसाठीं कार्यक्रम, हें ह्या केंद्राचें जुनें धन आहे. दुसरें, मुंबई केंद्राची अस्मिता वाहिनी. ती ५५८ किलोहर्ट्झ ह्या मध्यम लहरीवर ओळखली जाते व मराठी श्रोत्यांसाठीं आहे. तिसरें, विविध भारती. तेथें चित्रपटगीतें पुष्कळ आहेत हें खरें. परंतु ‘संगीत सरिता’ ह्या तेथील कार्यक्रमानें वर्षानुवर्षें एक उत्तम काम केलें. एखादा राग समजावून सांगावयाचा, आणि त्याच रागावर बांधलेलें चित्रपटगीत ऐकवावयाचें, अशी त्याची पद्धति. ज्या पालकांस मुलांना शास्त्रीय संगीताकडे वळवावयाचें आहे, त्यांनीं हा मार्ग ध्यानीं ठेवावा : मुलाच्या आवडत्या गाण्यापासूनच आरंभ करावा. आळेफाटा, ओतूर अशा पूर्व व उत्तर बाजूच्या गांवांनीं उंच जागीं उभें राहून अहिल्यानगरचें १००.१ व नाशिकचें १०१.४ हीं आकाशवाणीचीं एफ.एम. केंद्रेंही शोधून पाहावीं.

ज्यांच्या वाडीवर ह्यांपैकीं कांहींच लागत नाहीं, त्यांनींही निराश होऊं नये. छपरावर दूरदर्शनच्या मोफत डिशची तबकडी असेल, तर तिच्यावाटे चित्रवाणीबरोबर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या उतरतात. त्या असतात हेंच कित्येक घरांत ठाऊक नसतें. कारण चित्र नसलेल्या वाहिनीवर कोणी थांबत नाहीं. ह्यांत ‘रागम्’ ह्या वाहिनीचा मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. ती २६ जानेवारी २०१६ रोजीं बंगळूर येथून सुरू झाली व चोवीस तास केवळ हिंदुस्थानी व कर्नाटक शास्त्रीय संगीतास वाहिलेली आहे. मोबाइलवर आकाशवाणीचें अ‍ॅप घेतलें, तर ती वाहिनी व देशांतील इतर अनेक केंद्रें इंटरनेटवरून ऐकतां येतात. त्यास डोंगराचा अडथळा नाहीं. इंटरनेटची जोडणी मात्र चांगली पाहिजे.

शोध करण्याची रीतही सोपी आहे. मध्यम लहरींच्या यंत्राच्या पोटांत तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असलेली एक काळी कांडी असते. ती केंद्राच्या दिशेस आडवी असली म्हणजे आवाज सर्वांत मोठा येतो. पुणें आपल्या दक्षिणेस आहे. म्हणून ही कांडी, म्हणजे बहुधा यंत्राची लांब बाजू, पूर्वपश्चिम ठेवावी व मग थोडें थोडें फिरवून पाहावें. मोबाइल चार्ज करण्याचें उपकरण व कांहीं विजेचे दिवे लाटांत खरखर मिसळतात. यंत्र त्यांपासून दूर न्यावें. एफ.एम.साठीं दांडी पूर्ण लांब करून उभी धरावी आणि खिडकीपाशीं किंवा गच्चीवर जावें. ज्या मोबाइलमध्यें एफ.एम.ची सोय आहे, त्यांत कानांत घालावयाची तारच दांडीचें काम करते. ती गुंडाळून न ठेवतां मोकळी सोडावी. कांटा घाईनें फिरवूं नये. केसाएवढा सरकवावा, थांबावें, ऐकावें, आणि मग पुढें जावें.

ह्या सर्व केंद्रांहून निराळा असा आणखी एक प्रकार आहे, व तो आमच्या वाचकांस नीट समजावा अशी आमची इच्छा आहे. त्यास सामुदायिक रेडिओ म्हणतात. आकाशांतील लाटा ही सार्वजनिक संपत्ति आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ च्या फेब्रुवारींत दिला. पुढें सरकारनें प्रथम शिक्षणसंस्थांना व २००६ पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना आणि कृषि विज्ञान केंद्रांनाही लहान रेडिओ केंद्र चालविण्याची वाट मोकळी केली. अशा केंद्राची शक्ति सामान्यतः १०० वॉट व मनोरा ३० मीटरपर्यंत. म्हणून त्याचा आवाज दहापंधरा किलोमीटरच जातो. निदान अर्धे कार्यक्रम त्याच ठिकाणीं तयार झाले पाहिजेत, असा नियम आहे.

आवाज लहान असणें हा येथें दोष नसून गुण आहे. बारामतीची वसुंधरा वाहिनी व सातारा जिल्ह्यांतील म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ह्या दोन्ही ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलतात. मध्यें सुमारे ६० किलोमीटरचें अंतर असल्यामुळें एकीचा आवाज दुसरीस अडवीत नाहीं. मोठें केंद्र सर्वांसाठीं बोलतें, म्हणून त्यास कोणा एका गांवाचें बोलणें बोलतां येत नाहीं. लहान केंद्रास तें साधतें. २००८ सालीं सुरू झालेल्या माणदेशी वाहिनींत माण तालुक्यांतील स्त्रियांचा मोठा वांटा आहे. दुष्काळी मुलखांतील त्यांचीं गाणीं व त्यांचे प्रश्न त्यांच्याच बोलींत ऐकूं येतात. पुण्याच्या विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे. हीं केंद्रें आपल्या यंत्रावर लागणार नाहींत. परंतु पुण्यास, बारामतीस किंवा म्हसवडकडे पाहुणे म्हणून जाल, तेव्हां तेथें कांटा फिरवून जरूर ऐका.

ह्यावरून सहज मनांत येतें, आपल्या खोऱ्यांना स्वतःचें असें गाणें आहे काय ? आहे, व तें थोडेंथोडकें नाहीं. नारायणगांव ही तमाशाची मोठी पेठ आहे. यात्रांचा हंगाम आला कीं तेथें फडांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे पुढारी सुपारी देण्यास येतात. २००२ सालीं निवर्तलेल्या विठाबाई नारायणगांवकर ह्यांचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं ? पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांत लग्नाचीं व सणांचीं गाणीं आहेत. आणि जात्यावरच्या ओव्या तर घरोघर होत्या. गी पॉयतवँ व हेमा राईरकर ह्या पुण्याच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील पुष्कळशा आतां इंटरनेटवर ऐकतां व वाचतां येतात. गिरणी आली, जातें थांबलें आणि ओवी म्हणण्याचें निमित्तच गेलें. जें गाणें कोणी ऐकत नाहीं, तें गाणाऱ्याबरोबर जातें. आणि आंबेगांव तालुक्यांतील मंडळींस हें निराळें सांगावयास नको, कारण ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें जुनें आंबेगांवच डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. त्याबरोबर तेथील वाड्यांचे ओटे गेले. त्या ओट्यांवरचीं गाणीं तरी वृद्धांच्या कंठांतून वेळींच ऐकून ठेवलीं पाहिजेत.

रेडिओ केंद्रांचेंही असेंच आहे. नागपूर येथून रात्रीं चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ सालीं निघाली व २०१९ च्या जानेवारींत बंद झाली. मध्यम लहरींचीं कित्येक जुनीं प्रक्षेपणयंत्रेंही अलीकडे थांबलीं आहेत. म्हणून वर दिलेला एखादा आंकडा तुमच्या यंत्रावर मुका आढळला, तर तीच वाहिनी मोबाइलवर किंवा डिशवर शोधा. ज्या वाहिनीस श्रोते आहेत असें कोणास दिसतच नाहीं, तिची बाजू मांडणार कोण ? तेव्हां केवळ ऐकणें पुरेसें नाहीं. ऐकल्याचें कळविलें पाहिजे. ह्याचें उदाहरण आपल्याच भागांत घडलें आहे. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें मराठी मुलखांतील पांच जिल्ह्यांत, सुमारे १५० गांवांत, शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे २० कार्यक्रम झाले. शेतकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें येत. टाटा समाजविज्ञान संस्थेनें त्याची पाहणी केली आणि हा प्रयोग पुढें देशभर नेण्यांत आला. ते श्रोते मुके नव्हते, म्हणून त्यांचा रेडिओही बहिरा राहिला नाहीं.

विद्यार्थ्यांनो, ह्या सुटींत एक वही घाला. तीस ‘श्रवणवही’ असें नांव द्या. दिनांक, वेळ, कांट्यावरील आंकडा, केंद्राचें नांव व काय ऐकलें, असे पांच रकाने आंखा. एक महिना रोज अर्धा तास शोध करा. सकाळीं, दुपारीं व रात्रीं अशा निरनिराळ्या वेळा घ्या. वहींतील जो कार्यक्रम सर्वांत आवडला असेल, त्या केंद्रास आपल्या गांवाचें नांव घालून एक पत्र लिहा. घरीं आजी ओवी म्हणत असेल, तर तिची परवानगी घेऊन ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा व शब्द वहींत उतरवून ठेवा. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, त्यांनीं ह्या अर्ध्या तासांत मुलांजवळ बसावें, आणि दहा मिनिटें मुलांच्या आवडीचें गाणेंही त्यांच्याबरोबर ऐकावें. शाळा उघडल्यावर जुन्नरच्या मुलांच्या व घोडेगांव-मंचरच्या मुलांच्या वह्या शेजारीं ठेवून पाहूं. कोणत्या वाडीवर कोणतें केंद्र केव्हां लागतें, ह्याचा एक नकाशा त्यांतून सहज तयार होईल. आणि त्या नकाशावर जेथें कांहींच लागत नाहीं अशा जागा उरतील, तेथें आपलें स्वतःचें लहानसें केंद्र असावें कीं काय, हा विचार पुढच्या पिढीनें करावा.